डॅशबोर्डवरचे दिवे विझतात, पुन्हा लागतात. ३८ हजारांचं काम सांगितलंय, करू का?

होटगीरोडकर

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, कारण आता डोकं चालेनासं झालंय.

गाडी २०१७ची पेट्रोल हॅचबॅक, ६८ हजार किलोमीटर झालेली. संक्रांतीत सगळे गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, गेलो होतो. रात्री होम मैदानाजवळून गर्दीतून गाडी काढताना एकदम तीन दिवे लागले: एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), स्टिअरिंगचं चित्र आणि चेक इंजिन. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. बाजूला घेतली, चावी बंद करून परत लावली, सगळं गायब. मग आठ दिवस काही नाही, आणि नंतर पुन्हा तेच.

आतापर्यंत काय काय झालं: पहिल्या गॅरेजमध्ये स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर बदलला. दुसऱ्याने ऑक्सिजन सेन्सर बदलला. तिसऱ्याने बॅटरी नवीन टाकली. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस बरं, की परत पहिले पाढे. साडेबारा हजार गेले. आता सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, स्टिअरिंगची पूर्ण असेंब्ली बदला, ३८ हजार.

पैशाचं आहेच, पण वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. परवा सात रस्त्याच्या सिग्नलला ते शेजारी बसलेले असताना स्टिअरिंग जड झालं. तेव्हापासून गाडीवरचा विश्वासच उडालाय. सोलापुरात नक्की कुठे दाखवावं? करू का हे ३८ हजारांचं काम?

कडक_भाकरी

एवढं टेन्शन घेऊ नका. माझ्या गाडीत चेक इंजिन दोन वर्षं जळायलंय, रोज टेंभुर्णी करतो. पिवळ्या दिव्याला काय घाबरायचं बे? लाल लागला तर बघायचं.

तुळजापूर_रस्ता

@कडक_भाकरी, तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी लिहिते आहे, राग मानू नका. आम्हीही "लाल लागला तर बघू" असंच म्हणायचो. लाल लागला तेव्हा बघितलंच नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नवरात्रात तुळजापूरला निघालो होतो. आदल्याच दिवशी सर्व्हिसिंग करून गाडी आणलेली. हिप्परग्याचा तलाव मागे पडला आणि तेलाच्या झारीचं लाल चित्र लागलं. आधी नुसतं लुकलुकलं, मग कायमचं. मी म्हटलं थांबूया. हे म्हणाले, कालच ऑइल बदललंय, सेन्सरचं काहीतरी असेल, वर पोचून बघू. सहा-सात किलोमीटर गेलो असू. आधी बोनेटमधून खडखड सुरू झाली, मग घासल्यासारखा आवाज आला आणि गाडी जागेवर बंद. खाली वाकून बघितलं तर ड्रेन नटातून सगळं ऑइल वाटेत सांडलेलं. नट नीट आवळलाच नव्हता. इंजिन जाम झालं होतं. निम्मं इंजिन नवीन भरावं लागलं.

चूक नट आवळणाऱ्याची होती, पण लाल दिवा लागल्या क्षणी इंजिन बंद केलं असतं तर चार लिटर ऑइलमध्ये भागलं असतं. ती झारी म्हणजे ऑइलचं प्रेशर. लागली की त्याच जागी थांबायचं, पुढच्या गावापर्यंतसुद्धा जायचं नाही. सासूबाई आजही तो लुकलुकणारा दिवा आठवून हळहळतात. त्यांनी तो सगळ्यांत आधी पाहिला होता आणि बोलल्या नव्हत्या.

बाळेकर

होटगीरोडकर दादा, आधी बोनेट उघडून उंदीर बगा. आमच्या घराजवळ धान्याचं गोडाऊन हाय. उंदरानं एबीएसची वायर दोनदा कुरतडली माझ्या गाडीची. मेस्त्रीनं सेन्सर बदलायला सांगितलेला, मीच हात घालून बगितलं तर वायर निम्मी खाल्लेली. जोडून टेप मारला, दिवा गेला. आता बोनेटमधी तंबाकूची पुरचुंडी बांधून ठेवतो.

जुळे_सोलापूर_३

तंबाखूने काही होत नाही हो. आमच्याकडचे उंदीर त्या पुरचुंडीशेजारीच पिल्लं घालून गेले! रात्री बोनेट थोडं उघडं ठेवणं आणि गाडीची जागा बदलत राहणं, एवढाच उपाय मला लागू पडला.

निवृत्त_मास्तर

रंगांचं आधी स्पष्ट करू या, धागा वाचणाऱ्या बाकीच्यांनाही उपयोग होईल. लाल म्हणजे थांबा. त्यात ऑइल प्रेशर, इंजिनचं तापमान, ब्रेक आणि बॅटरी चार्जिंग आले. पिवळा म्हणजे गाडी चालेल, पण लवकर दाखवा. हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती.

याला एक अपवाद आहे आणि तो फार जणांना ठाऊक नसतो. पिवळा चेक इंजिन स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर इंजिन मिसफायर होतंय, म्हणजे आत पेट्रोल नीट पेटत नाहीये, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय. कन्व्हर्टर तापून निकामी होतो आणि तो भाग भलताच महाग असतो. अशा वेळी पाय सैल सोडायचा, वेग उतरवायचा आणि गाडी थांबवायची.

कडक_भाकरी यांना आणखी एक सांगतो. दिवा एकच असतो, पण त्यामागे शेकडो बिघाडांचे कोड असतात. दोन वर्षं तो जळतच असेल, तर उद्या दुसरा मोठा बिघाड झाल्याचं तुम्हाला कळणार कसं? दिवा तर आधीपासून लागलेलाच आहे.

कडक_भाकरी

हे मात्र डोक्यात आलं नव्हतं मास्तर. रविवारी स्कॅन करून आणतो.

वायरमन_एमएच१३

मी बावीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय, सध्या अक्कलकोट रोडला. माझी जाहिरात करत नाही, दुकानाचं नावही सांगत नाही. होटगीरोडकर, ३८ हजार आत्ता देऊ नका. आधी पाच गोष्टींची उत्तरं द्या.

सकाळी सेल्फ (इंजिन सुरू करणारा स्टार्टर) कसा लागतो? खणखणीत, की जड?
दिवे कधी लागतात? चालत्या गाडीत, की सिग्नलला उभं असताना?
त्या वेळी एसी आणि हेडलाइट चालू असतात का?
रोजचं रनिंग किती?
जुनी बॅटरी काढली तेव्हा तिच्याखालची जागा कशी होती?

तीन वेगवेगळ्या खात्यांचे दिवे एकदम लागतात तेव्हा तीन भाग एकदम खराब झालेले नसतात. तिघांना जे एकच लागतं ते कमी पडत असतं. ते म्हणजे करंट.

अश्विनी_विजापूररोड

थोडं विषयांतर, पण दिव्याचंच आहे. आमची डिझेल गाडी आहे, बीएस६ म्हणजे धुराच्या नव्या नियमांतली. मिस्टरांचं ऑफिस घरापासून चार किलोमीटर. जाळीसारखं पिवळं चित्र लागलं, पंधरा दिवस दुर्लक्ष केलं, मग गाडी ओढेना. सर्व्हिस सेंटरला डीपीएफ चोंदलाय म्हणाले. शहरात वापरायला डिझेल घ्यायलाच नको होती का?

निवृत्त_मास्तर

अश्विनीताई, गाडी वाईट नाही, तिला मोकळा रस्ता मिळत नाहीये. एप्रिल २०२०पासून बीएस६ आल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत काजळी धरून ठेवणारा फिल्टर आला, तोच हा डीपीएफ. साठलेली काजळी जाळून टाकायला तो चांगला तापावा लागतो आणि चार किलोमीटरच्या फेरीत तो कधी तापतच नाही. दिवा नुसता स्थिर लागलेला असेल तेव्हाच मोहोळच्या दिशेने हायवेला वीस-पंचवीस मिनिटं एका वेगात चालवून आणायची. टॉप गिअर टाकायची घाई करू नका, इंजिन जरा फिरतं ठेवा. साफसफाई चालू असताना मध्येच बंद करू नका. गाडी ओढेनाशी झाली आणि सोबत चेक इंजिनही लागला, तर मात्र हायवेवर नेऊ नका, सर्व्हिसलाच न्या. मॅन्युअलमध्ये याचं एक पान असतं, ते जरूर वाचा.

चाटी_गल्ली

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी सांगतो. मागच्या वर्षी एक गाडी बघायला गेलो. डॅशबोर्ड अगदी स्वच्छ, एकही दिवा नाही. सोबतचा मित्र म्हणाला, इंजिन चालू करू नको, नुसती चावी लाव. चावी लावली की सगळे दिवे एकदा लागून मग विझायला पाहिजेत, ती गाडीची स्वतःची तपासणी असते. चेक इंजिन तर इंजिन सुरू होईपर्यंत लागलेलाच राहतो. आम्ही बघितलं तर एअरबॅगचा दिवा लागलाच नाही. मीटर खोलून दिव्यावर काळी पट्टी चिकटवलेली निघाली. एअरबॅग उडून गेलेली, आत चिंध्या भरून वर कव्हर लावलेलं.

विझलेला दिवा बघून समाधान मानू नका. तो लागतो का, हे आधी बघा.

जुळे_सोलापूर_३

बापरे. आत्ता खाली जाऊन आमच्या गाडीचं बघून आले. लागतो आणि विझतो.

सल्लागार_सर्व्हिस

मी एका सर्व्हिस सेंटरमध्ये कामाला होतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. येता-जाता लागणारा दिवा शोधायला गाडी दोन दिवस ठेवून घ्यावी लागते, चालवून बघावी लागते. ग्राहक म्हणतो संध्याकाळी पाहिजे. शोधण्यात गेलेल्या वेळेचं बिल लावलं की भांडण होतं, "काहीच बदललं नाही, मग पैसे कसले?" म्हणून मग स्कॅनरवर जे नाव येतं तो भाग बदलला जातो. बरोबर आहे असं म्हणत नाही, पण का होतं ते सांगतो.

वायरमन_एमएच१३

हे मात्र शंभर टक्के खरं. भागाचे पैसे लोक देतात, डोक्याचे देत नाहीत. कोडमध्ये "चाकाचा सेन्सर" आलं म्हणजे सेन्सर खराब असं नसतं. त्या सेन्सरच्या वाटेवर कुठेतरी गडबड आहे, एवढंच तो कोड सांगतो. सेन्सर, वायर, सॉकेट, अर्थिंग (करंटची बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट), काहीही असू शकतं.

होटगीरोडकर

वायरमनदादा, उत्तरं देतो. सेल्फ डिसेंबरपासूनच जड लागतो. मला वाटलं थंडी, मग वाटलं बॅटरी. नवीन बॅटरीवर आठवडाभर छान लागला, परत जड. दिवे नव्वद टक्के वेळा सिग्नलला किंवा गर्दीत लागतात. एसी चालू असतोच, ४२ डिग्रीत वडिलांना बिनाएसी नेता येत नाही. रोज आठ-दहा किलोमीटर. जुन्या बॅटरीखाली पांढरी-हिरवी पावडर साचली होती. मेस्त्रीने फडक्याने पुसली.

आणि मी एक मोबाइलला जोडायचं स्वस्तातलं ओबीडी यंत्र, म्हणजे कोड वाचणारा छोटा स्कॅनर, आणलंय. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये लावलं. एबीएसचा दिवा समोर जळत असताना ते म्हणतं एकही कोड नाही. यंत्र फसवं आहे का?

निवृत्त_मास्तर

यंत्र फसवं नाही. ही स्वस्तातली यंत्रं बहुधा फक्त इंजिनचे कोड वाचतात, म्हणजे "पी" अक्षराने सुरू होणारे. एबीएस आणि एअरबॅगसाठी मोठा स्कॅनर लागतो. पण त्याच यंत्रावर व्होल्टेज दिसतं, ते बघत राहा. आणि कुणी कोड पुसायला लागला तर आधी स्क्रीनचा फोटो काढा. कोडसोबत त्या क्षणाचा वेग, तापमान वगैरे नोंदलेलं असतं, पुसलं की तेही जातं.

वायरमन_एमएच१३

दादा, सेल्फ जड आणि बॅटरीखाली पावडर, इथेच निम्मं उत्तर आलं. मल्टीमीटर आहे का? नसेल तर शेजाऱ्याचा आणा. डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. इंजिन चालू, एसी चालू, ब्लोअर फुल, हेडलाइट अप्परला. कपड्याची टोकं आणि हात पंख्यापासून, पट्ट्यापासून लांब.

पहिलं माप बॅटरीच्या दोन्ही टोकांवर. दुसरं, अल्टरनेटरच्या (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या) जाड बोल्टवर एक टोक आणि दुसरं अल्टरनेटरच्याच धातूवर. त्या बोल्टला लावलेलं टोक दुसऱ्या कुठल्या धातूला टेकू देऊ नका. तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं: बॅटरीच्या मायनस खुंटीवर एक टोक, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटीवरच. हे तिसरं माप ०.२ च्या आत पाहिजे.

होटगीरोडकर

आत्ता करून आलो. मुलीने टॉर्च धरला.

बॅटरीवर १२.७
अल्टरनेटरवर १४.१
मायनस खुंटी ते इंजिन १.३

निवृत्त_मास्तर

सुंदर! हिशोब बघा. अल्टरनेटर १४.१ तयार करतोय, बॅटरीला १२.७ पोचतंय. वाटेत १.४ गळाले. त्यातले १.३ एकट्या अर्थिंगमध्ये आणि ०.१ प्लसच्या वायरमध्ये. प्लसची वायर ठणठणीत आहे, अल्टरनेटर ठणठणीत आहे. इंजिनकडून बॅटरीकडे परतीची जी वाट आहे ती कुजलीय.

बॅटरी चार्ज होतच नव्हती. नवी बॅटरी दुकानातून भरून आली, आठवडाभर पुरली आणि हळूहळू उतरली. सेन्सर बदलल्यावर बरं वाटायचं ते कोड पुसले म्हणून. इलेक्ट्रिक स्टिअरिंग सगळ्यांत जास्त करंट ओढतं, म्हणून व्होल्टेज पडलं की पहिलं तेच हात वर करतं. गड्ड्याच्या रात्री हेडलाइट, ब्लोअर आणि मुंगीच्या गतीची गर्दी. तिथे ते पहिल्यांदा दिसलं यात नवल नाही.

वायरमन_एमएच१३

बॅटरीचा ट्रे काढायला सांगा. खाली गिअरबॉक्सपासून बॉडीला गेलेली विणलेली तांब्याची पट्टी असेल. ती बघा. आणि आता गाडी फार फिरवू नका, वडिलांना दोन दिवस रिक्षाने न्या.

बाळेकर

म्हंजे उंदीर नव्हता तर.

तुळजापूर_रस्ता

दादा, काय निघालं ते लिहा. आम्ही सगळे वाट बघतोय.

होटगीरोडकर

निघालं! ट्रे काढला, मी स्वतः उभा होतो. पट्टी बाहेरून काळी दिसत होती. मेस्त्रीने दोन बोटांत धरून वाकवली तर बिस्किटासारखी तुटली, आतून हिरवा चुरा पडला. सत्तर-ऐंशी तारांतल्या चार-पाचच शाबूत होत्या. जुन्या बॅटरीचं ॲसिड वर्षभर तिच्यावर ठिबकत होतं.

नवी पट्टी ३५० रुपये, मजुरी ४००. बोल्टची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासून घेतली आणि वरून ग्रीस लावलं. नंतर परत मीटर लावला: बॅटरीवर १४.०, मायनस ते इंजिन ०.०५. सेल्फ असा लागला की वडील आतून म्हणाले, "गाडी बदललीस का रे?"

वायरमनदादा, मास्तर, तुम्हाला काय म्हणू कळत नाही. घरची शेंगा चटणी कुठे पोचवू तेवढं सांगा.

वायरमन_एमएच१३

चटणी नको म्हणणार नाही. व्यनि (खाजगी निरोप) करतो. पण महिनाभर लक्ष ठेवा, मगच धागा मिटला म्हणा.

कडक_भाकरी

माझंही सांगतो. स्कॅन केलं. एक नाही, तीन कोड निघाले. एक जुना ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा, तो दोन वर्षांपूर्वीचा असणार. पण सोबत पी०३०२ पण होता, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर. प्लग कधी बदललेच नव्हते. प्लग आणि एक कॉइल बदलली. चढाला गाडी दम खायची ते पेट्रोलमुळे असं मी सगळ्यांना सांगत होतो. मास्तर बरोबर होते, पहिल्या दिव्याआड दुसरा बिघाड लपला होता.

होटगीरोडकर

सहा आठवडे झाले. एकही दिवा नाही. मधे पुण्याला जाऊन आलो, अडीचशे किलोमीटर जाताना आणि तेवढेच येताना, भर उन्हात एसी लावून. डायलिसिसच्या बारा फेऱ्या झाल्या. वडील आता पुढच्या सीटवर बसले की आधी डॅशबोर्ड बघतात, मग बेल्ट लावतात.

मंगळवेढा_ज्वारी

नवीन सदस्य आहे, धागा पूर्ण वाचला. माझा एबीएसचा दिवा लागतो, म्हणून मीही अर्थिंगची पट्टी बदलून घेतली. दिवा गेला नाही. आता काय करू?

वायरमन_एमएच१३

तुमचा एकटा एबीएसच लागतो ना? सेल्फ खणखणीत आहे ना? मग तुमचा रोग वेगळा आहे, होटगीरोडकरांचं औषध तुम्हाला चालणार नाही. आधी ब्रेक ऑइलची पातळी बघा. ती ठीक असेल तर गाडी सुरू केल्यावर दिवा लगेच लागतो की चाक फिरल्यावर, ते सांगा. लगेच लागत असेल तर वायर किंवा सॉकेट तुटलंय. थोडं चालल्यावर लागत असेल तर सेन्सरच्या तोंडाला चिखल, लोखंडाचा कीस, नाहीतर हबवरची दात्यांची रिंग. बेअरिंग कधी बदललं होतं का? कुठलं चाक?